वेशीवरचे बांबू

नोकरीतल्या शेकडो फिर्यादी मी विसरलो. जुन्या गुन्ह्यांचा विषय निघाला की मला आधी कलम आठवतं, माणूस नंतर, आणि पुष्कळदा आठवतच नाही. तळ्याकाठच्या भोयांच्या गावातली एक रविवारची दुपार मात्र मी विसरू शकलो नाही. विसरायची संधी मला वरिष्ठांनी दिली होती. ती मी घेतली नाही, त्याचीच ही हकिगत.

लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. मी फौजदार म्हणून जिल्ह्याच्या एका टोकाच्या ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं म्हणजे तीन खोल्या, एक कोठडी, आणि ढकलल्याशिवाय सुरू न होणारी एक जीप. पाऊस दुसऱ्या वर्षीही गेला होता. स्टेशन डायरीतल्या निम्म्या नोंदी पाण्याच्या असत. टँकरवर हाणामारी, विहिरीवर बाचाबाची, हौदाची तोटी कुणी तोडली त्याचा तपास.

ठाण्याच्या हद्दीत एक तलाव होता. तो बांधताना एक जुनं गाव पाण्याखाली गेलं होतं आणि तिथली माणसं काठावर वर सरकून राहिली होती. बहुतेक घरं भोयांची. तलावातल्या मासेमारीचा ठेका त्यांच्याच सोसायटीकडे होता. सोसायटीचा म्होरक्या चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. गाव त्याला नाना म्हणे. बोलायचं सगळं काम त्याच्या बायकोकडे होतं, तिला अक्का म्हणत. खरी नावं मी सांगणार नाही, गावची हाकच इथे वापरतो.

नवा जिल्हा झाला तशा कचेऱ्या आल्या, अधिकारी आले, वकील, डॉक्टर, ठेकेदार आले. त्या रखरखाटात डोळ्यांना पाणी दिसेल अशी ही एकच जागा. रविवारी तळ्यावर जीपा आणि मोटारसायकलींची रांग लागू लागली. मग शहरातल्या एका मालकाने काठावरची जमीन घेऊन हॉटेल टाकलं. बगीचा केला, मोटरबोट आणली आणि पाण्यापर्यंत काटेरी तार ओढली. काठाची घरं शहरातल्या लोकांनी सुट्टीला राहायला म्हणून एकेक करत घेतली आणि गुलाबी, निळी रंगवली. ज्यांनी विकली ते मागच्या माळावर पत्र्याच्या खोल्यांत गेले. जाळी वाळवायच्या जागेवर खुर्च्या आल्या. गावच्या बायकांना पाण्यावर जायला तारेला वळसा घालावा लागे. भोई लोक गुऱ्हाळातल्या रस आटवायच्या मोठ्या लोखंडी काहिलीत बसून मासे धरत. पाहुणे त्या काहिलीचे फोटो काढत, आणि काहील मासळी घेऊन काठाला लागली की नाकाला रुमाल लावत.

आमच्याकडे दोन्ही बाजूंचे अर्ज येत. पाहुण्यांच्या गाडीची काच फोडली, मोटरबोटीने जाळी फाडली, बायका धुणं धूत असताना दारू पिऊन आरडाओरडा केला. मी अर्ज वाचून कोपऱ्यात शेरा मारी, ‘संबंधितास समज द्यावी’, आणि जमादाराकडे सरकवून देई. दुष्काळाचा बंदोबस्त एवढा होता की तळ्यावरची भांडणं मला रिकामपणाची वाटत.

त्या रविवारी दुपारी चारच्या सुमारास एक माणूस सायकल हाणत ठाण्यात आला. मोटरबोट बुडाली होती. आम्ही पोचलो तेव्हा काठावर चार माणसं घोंगड्यांवर आडवी होती. दोन बाया, दोन पुरुष, सगळे जिवंत. नाना आणि अक्काने काहील वल्हवत नेऊन त्यांना ओढून आणलं होतं. बोट चालवणारा, पूर्वीचा ट्रॅक्टर ड्रायव्हर, काहिलीचा काठ धरून आला होता. पाचवा पाहुणा सापडत नव्हता. नानाने आणखी सात-आठ बुड्या मारल्या आणि शेवटी त्याला वर आणलं, पण तो गेला होता. हदगावकडचा तरुण कारकून. नव्या कचेरीत लागून त्याला दोन महिनेही झाले नव्हते. नाना त्याच्या शेजारी चिखलात बसून राहिला होता, त्याच्या नाकातून रक्त येत होतं.

मी काठावर उभं राहून पंचनामा केला. बोट दोर लावून ओढून आणली होती, तळाला हातभर लांब भोक होतं. ‘पाण्याच्या पृष्ठभागावर कोणताही अडथळा दिसून येत नाही’ हे वाक्य मी स्वतः सांगून लिहवून घेतलं.

संध्याकाळी हॉटेलच्या मॅनेजरने फिर्याद दिली. भोयांनी वैर धरून बोट फोडली, त्यात माणूस मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा फोन वाजला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. म्हणाला, “काल उजाडता उजाडता नाना पहार घेऊन बोटीच्या बाजूला पाण्यात उतरला होता. घराची झडती घ्या, पहार सापडंल.”

झडती घेतली, पहार सापडली. टोकाला तळ्याचा चिखल होता. बोटीला भोक, घरात पहार, दोन्ही बाजूंत वर्षभराचं वैर. मला वाटलं, केस संपली. सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं, नानाला अटक केली, न्यायालयातून पोलीस कोठडी घेतली.

“काल सकाळी पाण्यात उतरला होतास?”

“हाव.”

“पहार कशाला नेली होती?”

तो गप्प.

“बोट फोडलीस?”

“न्हाई.”

“मग पहार कशाला?”

पुन्हा गप्प. दोन दिवस हेच. मी त्याला मारलं नाही, पण दिवसभर भिंतीशी उभं ठेवलं. त्या काळी आम्ही त्याला मारहाण समजत नसू. आज समजतो. चार माणसांना पाण्यातून काढणारा माणूस मी भिंतीशी उभा केला होता. त्याचे पाय सुजले, पण तोंड उघडलं नाही. गुन्हेगाराचं गप्प बसणं मी पुष्कळ पाहिलं होतं. त्यात भीती असते, हिशेब असतो. हा वेगळाच गप्प होता. कुणाला तरी पाठीशी घालून उभा असल्यासारखा.

मेलेल्या कारकुनाचे वडील निवृत्त प्राथमिक शिक्षक होते. प्रेत न्यायला आले तेव्हा मॅनेजरने त्यांना कोठडीपाशी नेऊन नानाकडे बोट दाखवलं, “हाच तो.” मास्तरांनी गजांतून नानाकडे बराच वेळ पाहिलं. मग मला विचारलं, “माझ्या मुलाला वर काढणारा कोण होता?” मी म्हणालो, “हाच.” जाताना त्यांनी कोठडीपुढे हात जोडले, आणि ते कुणासाठी जोडले हे मला त्या वेळी विचारता आलं नाही.

ठाण्यासमोरच्या लिंबाखाली गावच्या बायका येऊन बसत. घोषणा नाहीत, रडणं नाही. नुसत्या बसत. तिसऱ्या दिवशी अक्का उठून थेट माझ्या टेबलापाशी आली.

“त्यानं सांगितलं न्हाई ना?”

“नाही.”

“न्हाईच सांगायचा. मी सांगते. ल्हून घ्या. पहार त्यानं बांबू रोवायला नेली व्हती.”

“कसला बांबू?”

“सायब, तुमच्याच ठाण्यात त्याचा अंगठा घेतला की. पाण्यात बांबू रोवणार न्हाई म्हून. पुन्हा रोवलास तर सोसायटीचा ठेका जाईल, आसं तुमचे जमादार बोलले. म्हून तो गप हाय. आख्ख्या गावाचं जाळं त्याच्या तोंडावर हाय.”

जमादाराने मान खाली घातली. मी अर्जांचं रजिस्टर मागवलं. पंधरा दिवसांपूर्वीचा हॉटेलचा अर्ज निघाला. भोई लोक तलावात चिंध्या बांधलेले बांबू रोवून मोटरबोटीला अडथळा करतात, त्यांना रोखावं. कोपऱ्यात माझा शेरा, ‘संबंधितास समज द्यावी’. खाली माझी सही. पाठीमागे नानाचा अंगठा.

“ते बांबू कशाला रोवत होतात?” मी विचारलं. आता मी ‘तुम्ही’ म्हणत होतो हे मला बोलून झाल्यावर कळलं.

“चला, दावते,” अक्का म्हणाली. “काठावरून न्हाई दिसायचं.”

दोन पंच, मी आणि अक्का काहिलीत बसलो. मला पोहता येत नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नाही, नुसतं काठ घट्ट धरून बसलो. अक्का वल्हं मारत एकेक ठिकाण सांगत होती. पाणी गढूळ होतं, खाली काही दिसत नव्हतं, पण तिला गल्लीसुद्धा चुकत नव्हती.

“ही चावडी. इकडं सुताराचं घर. ह्ये आमचं. हितं चूल व्हती माझी.” मग तिने वल्हं थांबवलं. “अन् ही वेस. पाणी भरल्यालं आसतं तवा दोन पुरुष खोल आसती. औंदा पाणी आटलं, आता ईतभर खाली हाय. आम्ही हिच्यावर चिऱ्यांच्या फटीत बांबू रोवून चिंधी बांधत व्हतो. जाळं फाटू नये म्हून, अन् बोट आपटू नये म्हून बी.”

मी हात पाण्यात घातला. कोपरापर्यंतही गेला नाही, दगड लागला. जुन्या वेशीचा चिरेबंदी माथा. त्यावर लांबलचक निळा ओरखडा होता. हॉटेलची बोट निळी होती. पंचांनी हात लावून पाहिलं, नखाला रंग आला. परत आल्यावर बोटीचं भोक पुन्हा पाहिलं. कडांत दगडाची कच रुतलेली होती. पहारीचा घाव असा नसतो. हे मला पहिल्या दिवशीच कळायला हवं होतं. कळलं नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

बांबू गेले कुठे, हा प्रश्न उरला. हॉटेलच्या बगीच्यात पाहुण्यांना सावलीसाठी नवा मांडव घातला होता. अक्का मांडवाखाली शिरली आणि एकेका बांबूच्या बुडावर हात ठेवत गेली. पाण्यात कुजू नये म्हणून भोई लोक बांबूच्या बुडाला डांबर लावत. वर चिंधी बांधायला खाच पाडत. तसे नऊ बांबू मांडवाला होते. मॅनेजर म्हणाला, बाजारातून आणले. अक्काने एका खाचेत बोट घालून लाल लुगड्याचा धागा ओढून काढला.

“ह्ये माझं लुगडं बाजारात इकतेत व्हय?” ती म्हणाली.

बोट चालवणारा ड्रायव्हर अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून दिसत नव्हता. तो मुरुडला बहिणीकडे सापडला. जमादार त्याला घेऊन आला. मी त्याला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि टेबलावर तो लाल धागा ठेवला. धमकी दिली नाही. माझ्या अनुभवात अपराधाचं ओझं असलेला माणूस धमकीने मिटतो आणि खुर्चीने उघडतो.

“बांबू कुणी काढले?”

“मीच काढले, सायब.” तो रडायला लागला. “मालक बोलले, पावण्याच्या फोटुत चिंध्या येतेत, घाण दिसतंय. मी बोललो, मालक, खाली दगडं हायेत म्हंतेत भोई. मॅनेजर बोलला, तू डायवर हायेस का भोई? पोलिसांचा बी हुकूम हाय, बांबू काढायचा.”

“रविवारी सकाळी?”

“नानानं वेशीवर एक पुन्हा रोवला व्हता. पाणी लई उतरलं व्हतं ना. मॅनेजरनं बघितलं. धा वाजता माझ्याकडून त्यो बी काढून घेतला. मला जागा ध्यानात व्हती. पर दुपारी पावणे ‘जोरात घ्या’ म्हणून राहिले, अन् सगळीकडं सारखंच पाणी दिसतंय, सायब.” मग त्याने सांगितलं की ठाण्याला फोन मॅनेजरनेच केला होता, त्याच्यासमोर.

नानाविरुद्ध पुरावा नाही असा अहवाल मी न्यायालयात पाठवला आणि त्याला सोडलं. मालक आणि मॅनेजरवर निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा गुन्हा लावला. नाना जाताना मी म्हणालो, “माझी चूक झाली.” तो म्हणाला, “ठेक्याचं बघा, सायब.”

आता दबाव सुरू झाला. हॉटेलचा वकील समझोता घेऊन ठाण्यात आला, गावचे चार जाणते बरोबर घेऊन. भोयांनी जबाब सैल करायचे, म्हणजे बांबू आपोआप वाहून गेले असतील असं म्हणायचं. बदल्यात घरटी एकाला हॉटेलात नोकरी. आणि जाळी वाळवायची जागा तळ्याच्या पलीकडच्या अंगाला न्यायची, म्हणजे पाहुण्यांना वास नको. जाणत्यांनी माना डोलावल्या. दुष्काळात नोकरी ही लहान गोष्ट नव्हती. समझोत्याला हो किंवा नाही म्हणणं माझं काम नव्हतं.

अक्का दारात उभी होती. तिला कुणी बसा म्हटलं नव्हतं.

“आमचं एक गाव धरणाला दिलं,” ती म्हणाली. “सरकारनं सांगितलं, लोकांला पाणी पाह्यजे. दिलं. रडलो, पर दिलं. आता ह्यांला फोटुसाठी काठ पाह्यजे. त्यो न्हाई देत. माझ्या नवऱ्याला खुनी म्हणालात, आता कपबश्या धुवायला ये म्हंता. केस चालू द्या.”

वकील समजावणीच्या सुरात म्हणाला, “बाई, केस वर्षानुवर्षं चालते. तुमचं नुकसान होईल.”

“व्हऊ द्या. आमी कुठं जाऊन राहिलो? हितंच हाव.”

जाणत्यांपैकी एक जण उठून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. मग दुसरा. समझोत्याचा कागद टेबलावरच राहिला.

माझ्यावरचा दबाव वेगळा होता. दोषारोपपत्र तयार करताना मी हॉटेलचा तो अर्ज, माझ्या शेऱ्यासकट, कागदपत्रांत लावला. आमच्या उपअधीक्षकांनी बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, उलट मला वाचवायलाच बघत होता.

“हा कागद कशाला जोडतोस? ड्रायव्हरचा जबाब आहे, रंगाचा पंचनामा आहे. भागतं तेवढ्यात.”

“सर, बांबू तलावात होते आणि हॉटेलला ते माहीत होतं, हे त्यांच्याच अर्जातून सिद्ध होतं. हा कागद काढला तर ते म्हणतील, बांबू नव्हतेच.”

“त्यावर तुझी सही आहे. उद्या वकील तुलाच उभा चिरेल. खात्याची चौकशी लागेल.”

“लागू द्या सर. सही माझीच आहे.”

ते म्हणाले, “तू आणि तुझे भोई.” कागद राहिला. चौकशी लागली. न पाहता शेरा मारल्याबद्दल माझ्या सेवापुस्तकात ठपका आला आणि माझी बदली नांदेड जिल्ह्यात, इस्लापूरच्या बाजूला झाली. ठपका योग्य होता. बदलीबद्दल मला काही म्हणायचं नाही.

खटला उभा राहायला काही वर्षं गेली. मी साक्षीला लातूरला येई. मास्तर प्रत्येक तारखेला हदगावहून एसटीने येत आणि भोयांच्या बाकावर, नानाशेजारी बसत. दोघं फारसं बोलत नसत. अक्का भाकरी आणी, ती तिघं खात.

नानाची उलटतपासणी मी ऐकली. मालकाच्या वकिलाने त्याच्यावर वैराचाच आरोप ठेवला. तारेवरून भांडणं झाली होती की नाही? झाली. जाळं फाडल्यावर तुम्ही शिव्या दिल्या? दिल्या. या पाहुण्यांचा तुम्हाला राग होता? व्हता, अजून हाय. वकील विजयी चेहऱ्याने न्यायाधीशांकडे वळला. “एवढा राग होता, तर मग यांना वाचवायला तुम्ही गेलात हे कोर्टाने कसं खरं मानायचं?”

नानाला प्रश्नच कळेना. तो थोडा विचार करून म्हणाला, “भांडण काठावरचं व्हतं, सायब. पाण्यात कोण भांडतंय?”

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली आणि त्याला ते पुन्हा सांगायला लावलं.

शेवटी माझी साक्ष झाली. तोच कागद वकिलाने माझ्यापुढे धरला. सही कुणाची? माझी. म्हणजे बांबू काढायला पोलिसांनीच मोकळीक दिली? होय. जागा न पाहता? होय, न पाहता. त्याला वाटलं असावं, मी आढेवेढे घेईन. मी घेतले नाहीत, आणि त्यामुळे त्याला पुढे विचारायला काही उरलं नाही. हॉटेलला बांबू माहीत होते ही गोष्ट त्या कागदानेच पक्की झाली. मॅनेजरला शिक्षा झाली. मालक सुटला. ते मला तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण खटल्यादरम्यान पाटबंधारे खात्याने मोजणी केली, तेव्हा ती काटेरी तार तलावाच्या संपादित जमिनीत निघाली. मालकाला ती काढावी लागली, आणि जाळी पूर्वी जिथे वाळत होती तिथेच पुन्हा वाळू लागली. पाहुणे अजूनही येतात. येऊ देत, तळं सगळ्यांचं आहे. पण भोयांच्या जाळ्यांमधून वाट काढत पाण्यापाशी जावं लागतं, आणि मला ते बरोबर वाटतं.

या केसने मला शिकवलं ते एवढंच. ठाण्यात सुबक अक्षरात, शुद्ध भाषेत लिहिलेला अर्ज येतो तेव्हा आपला हात सहीकडे लवकर जातो, आणि अंगठा देणाऱ्याला आपण कारण विचारत नाही. त्यानंतर कोणत्याही अर्जावर मी जागेवर जाऊन, दुसऱ्या बाजूला विचारल्याशिवाय शेरा मारला नाही. अर्ज साचत. वरिष्ठ तपासणीला आले की रागावत. माझ्या गोपनीय अहवालात एका साहेबांनी लिहिलं, ‘अर्जांचा निपटारा अत्यंत संथ.’ तो शेरा काढून टाकावा म्हणून विनंती करायची मुभा होती, मित्रांनी तसं सुचवलंही. मी केली नाही. पुढच्या वर्षी तोच शेरा पुन्हा आला, आणि निवृत्तीपर्यंत येत राहिला.